शब्दकुळांची वही: एक जोडी बाद, तिघांचा हिशोब लागला

लॅटिन ‘हाबेरे’ आणि जर्मन ‘हाबेन’ ही जोडी या खेपेला वहीतून काढली. दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणं’, रूपही जवळपास एकच, आणि संशय तिथेच येतो. सख्खे शब्द (एकाच मूळ भाषेतून दोन्हीकडे उतरलेले) असते तर इतके सारखे राहिलेच नसते. जर्मनमधला सुरुवातीचा ‘ह’ मुळातल्या ‘क’चा: लॅटिन केंतुम–हुंडर्ट (शंभर), कोर्नू–होर्न (शिंग). म्हणून हाबेनसमोर आता ‘कापेरे’ (धरणं) आहे. लॅटिन ‘ह’ बहुतेकदा ‘घ’मधून येतो आणि जर्मनमध्ये त्याच्या जागी ‘ग’ सापडतो: होर्तुस–गार्टन (बाग), होस्तिस–गास्ट. होस्तिस म्हणजे शत्रू, गास्ट म्हणजे पाहुणा. मुळात दोघेही परकेच. अर्थ उलटला तरी ध्वनी जुळतात, म्हणून ही जोडी पक्की.

‘त’चं पान जास्त त्रासाचं. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमच्या १८२२च्या नियमानं मुळातला ‘त’ आधी घर्षक ‘थ’ (हवा घासत जाणारा, इंग्रजी ‘थिंग’मधला) होतो, पुढे जर्मनमध्ये ‘ड’. त्रेस–ड्राय (तीन), फ्रातेर–ब्रूडर (भाऊ) हे सरळ बसतात. मग पातेर–फाटर (वडील), मातेर–मुटर (आई) यांत ‘ट’ कुठून आला?

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नरनं १८७७मध्ये छापलेलं उत्तर वैदिक स्वरांत, म्हणजे उच्चारातल्या चढउतारांत आहे. ‘भ्रातृ’चा उदात्त (चढा स्वर, म्हणजे आघात) पहिल्या अक्षरावर, ‘पितृ’, ‘मातृ’चा शेवटच्या. लगेच आधीच्या अक्षरावर आघात नसेल तर तो ‘थ’ घोष (कंठ कंपवणारा) होऊन ‘द’कडे झुकतो, आणि जर्मन त्याचा पुढे ‘ट’ करते. शब्दाच्या सुरुवातीला हा नियम लागत नाही.

तपासताना स्वरचिन्हं असलेला संस्कृत कोशच घ्यावा. मराठी उच्चारात या स्वरांचा मागमूस नाही. एकट्या ग्रीकवरही विसंबू नये: ‘पातेर’मध्ये आघात योग्य जागी आहे, ‘मेतेर’मध्ये पहिल्या अक्षरावर सरकलाय. आजची इंग्रजी तर इथे निरुपयोगी, फादर-मदर-ब्रदर सगळे एकाच साच्यातले. जुन्या इंग्रजीत मात्र फरक शाबूत आहे: फॅडर, मोडोर, पण ब्रोथोर.

‘प’च्या पानावरून ‘प्फेफर’ (मिरी) उसन्या शब्दांत हलवला. घरचा असता तर पातेर–फाटरप्रमाणे सुरुवातीला नुसता ‘फ’ मिळाला असता. ‘प्फ’ सांगतो की शब्द ग्रिमचा बदल होऊन गेल्यावर, पण दक्षिण जर्मनीतल्या, ‘प’चा ‘प्फ’ करणाऱ्या दुसऱ्या व्यंजनबदलाच्या आधी आत शिरला. वाट अशी: लॅटिन पिपेर, त्याआधी ग्रीक पेपेरी, त्याआधी आपली पिप्पली. नाव पिंपळीचं, डबीत मात्र काळी मिरी.