तिचं कोण करतं?

गुरुवार, रात्र

आज तालमीला सातजणी आल्या. ज्वारीची काढणी सुरू आहे, दिवसभर वाकून कंबर धरलेली, तरी आल्या. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या, एकीनं घरून चहाची किटली आणली होती. प्रयोग उद्यावर आलाय आणि आमच्या बाजेवर झोपायला अजून कुणी तयार नाही.

नाटकात एक आजारी म्हातारी आहे. तिला बोलायचं काही नाही, नुसतं पडून राहायचं. पण धडधाकट माणसानं आजारी होऊन बाजेवर पडायचं म्हणजे अशुभ. मी आग्रह धरला नाही. ज्यांच्या घरात खरोखर कुणी वर्षानुवर्षं पडून आहे, त्यांच्या या भीतीशी मी वाद घालणार नाही. शेवटी दोन वाकळी गुंडाळल्या, पोलक्याच्या बाह्यांत कडबा भरून हात केले, उशीचं डोकं केलं आणि वरून लुगड्याचा पदर घेतला. पदर घेतला आणि काय झालं कोण जाणे, सगळ्याजणी त्या वाकळीशी हळू आवाजात बोलायला लागल्या. "माय, कूस बदलू का? पाणी देऊ का चमच्यानं?" हे मी कुणाला लिहून दिलेलं नव्हतं.

या बायकांसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एक शब्द आहे, काळजीवाहक. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आहे. आमच्या गावात हा शब्द कुणी वापरत नाही. इथं विचारतात, "म्हातारीचं कोण करतं?" उत्तर येतं, "धाकली सून करते." करते, एवढंच. काय करते, कितीदा करते, रात्री कितीला उठते, हे त्या एका क्रियापदात सगळं गडप होतं. मी स्वतः चार वर्षं आईचं 'केलं', तेव्हा मलाही त्यापुढं काही सांगता यायचं नाही. हे नाटक मला त्यासाठीच करायचं होतं.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. मी सहज त्यांना २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातला आकडा वाचून दाखवला: घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ७६, लेकराबाळांचं धरून. सासूचं करणाऱ्या काकू म्हणाल्या, "बाई, झोपेतून उठलेलं कशात धरलं त्यांनी? पाच मिनिटाला उठलं तरी पुढं तासभर डोळा लागत नाही की." मला उत्तर नव्हतं. मग आशाताईंनी युक्ती काढली. प्रत्येकीनं उशाशी दोन वाट्या ठेवायच्या, एक रिकामी, एकीत ज्वारी. आजाऱ्यासाठी जागची उठली की एक दाणा इकडून तिकडं. एक दिवस आणि एक रात्र.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या वाटीत ४१ दाणे होते. त्यातले अकरा रात्रीचे, ते त्यांनी वेगळे कागदाच्या पुडीत बांधून आणले होते. पुडी उघडून तळहातावर धरली आणि म्हणाल्या, "एवढुसे दिसायलेत, नाही का?"

शुक्रवार, रात्र (खरं तर शनिवार, दीड वाजलाय)

झोप येत नाही. सगळं लिहूनच काढते.

आरतीनंतर मारुतीच्या पारासमोर प्रयोग झाला. माणूस बरं जमलं होतं, बाप्ये मागं उभे, बाया पुढं बसलेल्या. भजनी मंडळातले आजोबा मृदंग घेऊन बसले. आम्ही भारुडाची चौकट घेतली, कारण आमच्या लोकांना तीच ओळखीची. पैठणच्या नाथांनी साडेचारशे वर्षांपूर्वी आंधळा, मुका, गोंधळी, जोशी असे सगळे भारुडात उभे केले, मग आजाऱ्याचं करणारी का नको?

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून होता. आपली गोष्ट आपण करायची नाही. प्रत्येकीनं चिठ्ठी लिहायची किंवा लिहून घ्यायची, नाव न घालता, आणि ती दुसरीनं करायची. गावात तोंड दाखवायचं असतं. सासूचं करणारी सासूचंच बोलली तर तिला घरी जाऊन ते निस्तरावं लागतं.

पहिला भाग सातवीतल्या पोरीचा. ऊसतोडीला आईबाप दसऱ्यानंतर कारखान्यावर जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागं खुब्याचं हाड मोडलेली आजी असते आणि आजीजवळ थोरली पोर. नवराबायको मिळून एक कोयता, अशी मुकादमाकडं मोजणी असते. घरी राहिलेली पोर कुठल्याच मोजणीत नसते. माझ्या हजेरीपटात तेवढी असते, 'गैरहजर' म्हणून. मी स्वतः ते कितीतरी दिवस लिहीत होते, का येत नाही हे घरी जाऊन न बघता. त्याचं मला आजही वाईट वाटतं. नाटकात शाळेची घंटा तीनदा वाजते. पहिल्या घंटेला पोर दप्तर पाठीला लावते, वाकळीतून "ए बाय" अशी हाक येते, ती मागं फिरते. दुसऱ्या घंटेलाही तेच. तिसऱ्या घंटेला ती उठतच नाही, दप्तर बाजेच्या खुराला अडकवते आणि आजीचे केस विंचरायला बसते. एवढंच. मृदंगवाल्या आजोबांनी तिथं थाप दिली नाही. तालमीत ठरलं होतं, द्यायची म्हणून. नंतर म्हणाले, हात उठला नाही.

मग नवसाचं. 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला' हे नाथांचं भारूड इथं लहान पोरालाही येतं. त्यातली सून देवीला साकडं घालते, की सासरा गावाला गेलाय त्याला तिकडंच खपव, सासूलाही ने, आणि शेवटी मागते, सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला. कीर्तनकार सांगतात, ते विकार जाऊन जीव एकटा उरण्याबद्दल आहे. खरंच आहे ते. पण बायका ऐकताना तोंडाला पदर लावतात, तेही खरं. आमची भवानी म्हणून आशाताई उभ्या राहिल्या, आणि काकू चिठ्ठी घेऊन तिच्यापुढं आल्या.

ती चिठ्ठी माझी होती.

कुणाला माहीत नव्हतं. आईला लकवा मारून तिसरं वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. पहाटे तीनचा सुमार, त्या रात्री चौथ्यांदा चादर बदललेली, आणि ती ओली चादर न्हाणीत टाकताना माझ्या मनात आलं, देवा, आता ने रे हिला. मी ते कुणालाही सांगितलं नाही. आई त्यानंतर दीड वर्ष होती, आणि त्या दीड वर्षात मी तिच्या डोळ्यांत बघताना दरवेळी एवढंच वाटायचं, हिला कळलंय.

काकूंनी ते असं म्हटलं: "भवानी आई, हिला ने. नको, नेऊ नको. मला झोप दे. एक रात्र दे. नाहीतर ने." आणि थांबल्या. चिठ्ठीत 'नको, नेऊ नको' नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं. पुढच्या रांगेत कुणी पदर तोंडाला लावला नाही. एक म्हातारी मात्र स्पष्ट ऐकू येईल असं बोलली, "मी बी म्हणलेलं. माझ्या सासूला." तिची सासू जाऊन तीस वर्षं तरी झाली असतील.

मी पाराच्या मागं परात धरून उभी होते. माझं वाक्य दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदाच मला त्या तीन वाजताच्या बाईची कीव आली. इतकी वर्षं मी तिचा रागच करत आले होते.

मग परात पुढं नेली. सातही जणींनी आपापली वाटी तिच्यात रिकामी केली, एकेक करून, उंचावरून. दाणे पितळेवर पडताना केवढा आवाज होतो! मला वाटलं होतं मागं ऐकू जाणार नाही, पण पार रस्त्यावरच्या टपरीपर्यंत गेला म्हणे. कुणीतरी विचारलं, "एका दिवसाचे का?" आशाताई म्हणाल्या, "एका दिवसाचे. आणि एका रात्रीचे." एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "जनाबाईला विठ्ठल दळू लागला. आपल्या दारात कोण यायलंय!" गंगाखेड इथून हाकेच्या अंतरावर, जनी आमच्या घरचीच, म्हणून हे असं लागतं.

शेवटचा भाग मी कित्येक वर्षांपूर्वी तेव्हाच्या औरंगाबादला एका शिबिरात शिकले होते. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची रीत. नाटक अडचणीच्या जागी थांबवायचं आणि बघणाऱ्यांना सांगायचं, उठा, हिची जागा घ्या, तुम्ही काय केलं असतं ते करून दाखवा. बंगालमधली 'जनसंस्कृती' ही मंडळी नव्वदीच्या दशकापासून गावोगाव असं करत आलीत. आमच्या गावात कुणी उठेल याची मला अजिबात खात्री नव्हती.

बराच वेळ कुणी उठलं नाही. मग एक टमटमवाले भाऊ आले, पन्नाशीचे. चपला काढल्या, देवळात काढावी तशा. म्हणाले, "मी उठवून बसवतो म्हातारीला." आणि वाकळीचा हात धरून ओढला. बाही उसवली, कडबा बाहेर आला. लोक हसले.

मला हसू आलं नाही. आईचा खांदा आम्ही असाच घालवला. लकव्याच्या बाजूचा हात धरून उठवायचो, दिवसातून कितीदा तरी. खांद्याला आधार देणारे स्नायूच ढिले पडलेले असतात, सांधा जागचा सरकतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्यांचा कागद दिला, उचलायचं कसं ते नाही. पुढं केस विंचरताना कंगवा नुसता त्या बाजूला गेला तरी आई कण्हायची, आणि आम्हाला वाटायचं ते आजाराचंच आहे.

काकू पुढं झाल्या. नाटक बाजूला राहिलं. "भाऊ, हात नका ओढू. पल्याडचा गुडघा वाकवा आधी. आता एक हात पल्याडच्या खांद्यामागं, एक कमरेमागं. अन् आपल्याकडं वळवा. पुढं नका ढकलू, आपल्याकडं." त्यांनी केलं. वाकळ कुशीवर वळली. काकूंनी पाठीमागं उशी लावली, दोन गुडघ्यांमध्ये घडी घातलेली चादर ठेवली, आणि सांगितलं की दर दोन तासांनी असं, नाहीतर पाठीला जखमा होतात. भाऊंनी वाकळ उताणी करून पुन्हा केलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी लोकांची कुजबूजसुद्धा थांबली होती. एवढा मोठा माणूस एका वाकळीला इतक्या जपून कुशीवर वळवताना मी पहिल्यांदा बघितला.

सामान आवरताना ते परातीपाशी आले. वडिलांना आठ महिन्यांपासून लकवा आहे म्हणाले. खांदा दुखतो म्हणून ओरडतात. "ती एकटीच करते सगळं. मला वाटायचं, तिला येत असंल."

शनिवार, सकाळ

बाज देवळातून आणायची आहे. ज्वारी वेचून, पाखडून ज्याची त्याला परत द्यायची, असं काल ठरलं होतं, पण काकू म्हणतात, मारुतीपुढं पाखरांना टाका.

दुपारी चारला टमटमवाल्या भाऊंच्या घरी जायचंय, काकू आणि मी. त्यांची बायको काल नाटकाला आली नव्हती, म्हाताऱ्याला सोडून येणार कशी? जाड सुती चादर सोबत न्यायची, ती खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घातली की दोघांनी मिळून वर सरकवता येतं. एक उशी जास्तीची. आणि तिच्यासाठी बसून चहा प्यायला वेळ ठेवायचा, घाई करायची नाही.