कुठलं डाळिंब?

आमच्याकडे आंबा घेताना कुणी नुसतं ‘आंबे द्या’ म्हणत नाही. हापूस की पायरी, हापूस तर कुठल्या बागेतला, अढीतला की औषध मारून पिकवलेला, अशी सगळी उलटतपासणी होते. काजूची कलमं लावणारा माणूस वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ मधला फरक झोपेतून उठवलात तरी सांगेल. पण हीच माणसं डाळिंबाच्या पाटीसमोर उभी राहिली की फक्त साल लाल आहे का तेवढं बघतात. गणपतीच्या आधीच्या बाजारात मालवणला हे दरवर्षी चालतं आणि मला राहवत नाही, मी मध्ये बोलते.

बोलते, कारण माझ्याकडे मोजायची हत्यारं आहेत. आमचं आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आणि आमसुलांचं घरगुती काम. सरबतासाठी रिफ्रॅक्टोमीटर लागतो, म्हणजे काचेवरच्या थेंबात किती काय विरघळलंय ते सांगणारं यंत्र. आम्लता बघायला एक ब्युरेट, म्हणजे थेंब मोजत द्रावण सोडायची नळीही आहे. पावसाने जोर धरला आणि कोकमाचा हंगाम आटोपला की दोन्ही रिकामी. मग घरात येईल त्या फळाचा थेंब काचेवर पडतो. (आगळाचा थेंब ठेवून ‘बाई, किती गोड!’ म्हणू नका. त्यात मीठ असतं आणि काच मीठही मोजते. रसात विरघळलेलं सगळंच तिला दिसतं, नुसती साखर नव्हे.)

आधी सालीचं. सालीचा रंग आणि दाण्याचा रंग यांचं एकमेकांशी काही ठरलेलं नसतं. बाजारात नेहमी दिसणाऱ्या भगवा जातीची साल जाड, चकचकीत, केशरी-लाल आणि आत दाणेही लाल, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्या डाळिंबांचं तसंच. गणेश ही जात घ्या. साल पिवळट, एका अंगाला लालसर झाक, आत दाणे फिकट गुलाबी, कधी जवळजवळ पांढरे. पण बी इतकी मऊ की चावताना कळतही नाही. आपण खातो तो रसाळ भाग म्हणजे बीचंच बाहेरचं आवरण. दाताखाली येतो तो आतला काष्ठमय भाग, आणि त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारं द्रव्य, किती साठलंय त्यावर बी मऊ की टणक ते ठरतं. आजीआजोबांसाठी फळ घेताना रंगापेक्षा हे आधी विचारायला हवं. आमच्या सासूबाईंच्या कवळीचा अनुभव या बाबतीत प्रयोगशाळेच्या तोडीचा आहे. तरीही त्यांचं म्हणणं एकच, ‘लाल नाय तर ता डाळिंब कसला?’

हा गणेश पुण्याचा. १९३६ साली गणेशखिंडच्या बागेत फळबागतज्ज्ञ डॉ. चीमा यांनी आळंदी जातीच्या रोपांमधून तो निवडला. आळंदीचे दाणे लाल पण बी टणक, आणि तिच्याच पोटी हे मऊ बियांचं फळ आलं. नंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठात गणेशचा संकर गुल-ए-शाह रेड या गडद लाल, आंबट, टणक बियांच्या परदेशी जातीशी झाला. एकाचा मऊपणा नि गोडी, दुसऱ्याचा रंग. त्या संततीतून निवडत निवडत मृदुला, आरक्ता आणि भगवा आले. म्हणजे बाजारात आज जे लालभडक डाळिंब आहे ते त्या फिकट गणेशचंच पोर. भगव्याची जाड साल लांबचा प्रवास सोसते. सांगोला-आटपाडीहून निघालेला टेम्पो घाट उतरून आमच्याकडे येईपर्यंत फळ तसंच टवटवीत असतं. व्यापाऱ्याला आणखी काय हवं? गणेश मागे पडला तो चवीमुळे नाही.

काचेवर ठेवलं तर दोघांत फारसा फरक निघत नाही. चांगल्या पिकलेल्या भगव्याचा आकडा १५-१६ टक्क्यांच्या घरात, गणेशचाही त्याच्या आसपास. म्हणजे ‘लाल तेवढं गोड’ यात काही दम नाही. गोडी जिभेला कळते ती साखर आणि आम्ल यांच्या प्रमाणावरून. खायच्या जातींत आम्ल अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर, म्हणून त्या गोड. हिमाचल-जम्मूच्या डोंगरात दारू नावाचं रानडाळिंब येतं, त्याचेच दाणे वाळवून अनारदाणा करतात. त्यात साखर अगदीच कमी असते असं नाही, पण आम्ल कितीतरी पट, त्यामुळे जीभ टाळ्याला चिकटते. हे आम्ल मुख्यतः सायट्रिक, म्हणजे लिंबातलंच. कोकमाचं वेगळं, हायड्रॉक्सिसायट्रिक. आंबटाच्या या दोन तऱ्हा शेजारी शेजारी चाखून बघा.

आम्ल मोजताना एक गंमत होते. नेहमीची रीत अशी की रसात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडत जायचं. गुलाबी रंग आला की थांबायचं. पण इथे रस आधीच लाल! वर सोडा पडत गेला की तो मळकट जांभळा, मग हिरवट होत जातो आणि तुमची गुलाबी छटा त्यात कुठे बुडते ते दिसत नाही. रस पाण्याने खूप पातळ करून, खाली पांढरा कागद ठेवूनच हे जमतं. कोकमाचंही तसंच, कारण दोन्हीकडचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. कोकमात ते एकाच घराण्याचं, सायनिडिनचं. डाळिंबात तीन घराणी नांदतात. केशरी-लाल पेलार्गोनिडिन, लाल सायनिडिन, जांभळट डेल्फिनिडिन. कुणाचा वाटा किती यावर त्या जातीच्या रसाची छटा ठरते. म्हणून आरक्ताचा रस किरमिजी दिसतो, गणेशचा पाणीदार गुलाबी.

आणि हा रंग हवामानावरही हलतो. थंडीत पिकलेल्या फळाचे दाणे गडद, उन्हाळ्याच्या तावात वाढलेल्याचे फिके. मृगबहाराचं, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेलं फळ डिसेंबर-जानेवारीत उतरतं. गणपतीत आपल्याकडे येतं ते आंबेबहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलून भर उन्हात वाढलेलं. म्हणजे वर्षभरात आपण सर्वांत जास्त डाळिंबं घेतो नेमकी तेव्हा, जेव्हा रंगाची खात्री सर्वांत कमी. मग घरी येऊन फळ फोडायचं आणि फिके दाणे बघून विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची! जातिवंत भगवाच असतो तो. लाल दाण्यांचीच हौस असेल तर जानेवारीत घ्या.

आमच्या परसातल्या झाडाबद्दल काय बोलावं. फुलतं मात्र देखणं. डाळिंबाला कोरडी हवा आणि थंडीतल्या गार रात्री लागतात, आमच्याकडे समुद्र रात्र गार होऊ देत नाही आणि पाऊस तीन हजार मिलिमीटर. फळ लिंबापेक्षा थोडं मोठं झालं की ठिपके पडतात नाहीतर तडकतं. जे हाती लागतं त्याचा आकडा ११-१२, चव तुरट-आंबट. त्याची किंमत सालीसाठी. साल वाळवून ठेवायची, पोट बिघडलं की सहाणेवर उगाळून द्यायची. ही साल म्हणजे टॅनिनचा साठा. त्यातलं प्युनिकॅलाजिन हे मोठं नाव. विळीवर डाळिंब चिरलंत तर पात्यावर काळेनिळे डाग पडतात ना, ते या टॅनिनचे. लोखंडाशी गाठ पडली की ते काळं होतं, जुनी शाई अशीच बनायची. पातं लगेच धुतलं नाही तर पुढच्या पांढऱ्या कांद्यावर ती शाई उमटते. रस काढताना अख्खं फळ दाबलं की हेच टॅनिन रसात उतरतं, आणि मिक्सरमध्ये फार फिरवलं तर बिया नि पांढरे पापुद्रे भरडून कडवटपणा येतो. दाणे सोलून, सुती फडक्यात घालून हातानेच पिळावेत. वेळ लागतो, लागू दे.

डाळिंब आपलं नाही असं वाटत असेल तर त्याचं गणगोत बघा. वनस्पतिशास्त्र आता त्याला मेंदीच्या कुळात धरतं. त्याच कुळात तामण, आपलं राज्यफूल, आणि त्याच कुळात खाडीकाठची पांढरी चिप्पी, जिला २०२० मध्ये राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. भरती ओसरल्यावर चिप्पीचं हिरवं फळ उचलून बघा. बुडाशी फुलाची जाड निदलं (पाकळ्यांच्या बाहेरचं आवरण) चांदणीसारखी पसरलेली असतात, डाळिंबाच्या मुकुटाशी ताडून पाहा.

सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ मध्ये ‘सोलापूर लाल’ आणलं, त्याच्या वंशात भगवा, गणेश आणि ते आंबट दारूही आहे. १०० ग्रॅम दाण्यांत ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम लोह असतं, गणेशमध्ये २.७ ते ३.२. इथे मात्र जातीचं नाव विचारल्याशिवाय काही उपाय नाही, डोळ्यांना लोह दिसत नाही.

यंदा मी फळवाल्याला गणेश आहे का विचारलं. माणूस घाटावरचा, जाणकार. ‘ताई, गणेश आता कोण घेतंय? पांढरा दाणा दिसला की गिऱ्हाईक फळ टाकून जातं.’ मला तो हवाय कोकमात मिसळायला. रंग कोकमाचा, गोडी गणेशची, वरून साखर कमी घालावी लागेल असा हिशेब आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या बागेत गणेशची जुनी झाडं असतील तर खाली लिहा. मृगबहाराची पाच-सहा किलो पुरेत, एसटीच्या पार्सलने पाठवलीत तरी चालेल, भाडं मी देईन.