तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्चाकबद्दल

ध्रुवीय मोहिमांवर बोलून झालं की कुणीतरी हटकून विचारतंच, "ज्याच्या सैन्यानं सैबेरियात गावं जाळली, त्या रशियन अॅडमिरल कोल्चाकचं तुम्ही एवढं कौतुक कसं करता?" एकदाचं नीट सांगून टाकते.

आधी १९०३चा उन्हाळा ऐका. रशियन ध्रुवीय मोहिमेचा प्रमुख बॅरन टोल तिघांना घेऊन सैबेरियाच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रातल्या बेनेट बेटावर गेलेला, आणि त्याला आणायला निघालेलं 'झार्या' जहाज बर्फानं अडवलेलं. शोधाला निघाला टोलच्याच मोहिमेतला २८ वर्षांचा लेफ्टनंट कोल्चाक. जहाज नव्हतंच, 'झार्या'वरची एक उघडी होडी होती. बर्फ असेल तिथे ती ओढायची, पाणी लागलं की वल्ही मारायची. वरून हिमवर्षाव थांबत नव्हता, अंगावरचे कपडे वाळत नव्हते. बेनेटवर बर्फातली भेग ओलांडताना कोल्चाक पाण्यात गेला. बोटीवरच्या बेगिचेव्हनं ओढून काढला म्हणून वाचला, आणि शोध पुढे चालू राहिला. टोलची चिठ्ठी सापडली, ऑक्टोबर १९०२ची: आज दक्षिणेला निघतो, १४ ते २० दिवसांचं अन्न आहे, सगळे ठणठणीत. ध्रुवीय रात्र तोंडावर असताना निघालेले ते चौघं पुन्हा कुणाला दिसले नाहीत. कोल्चाकनं मात्र आपला एकूण एक माणूस जिवंत परत आणला.

हे मला थोर वाटतं. ते म्हणताना मी चाचरणार नाही.

पण सैबेरियातलं ओम्स्क शहरही आहेच. रशियन यादवी युद्धात, नोव्हेंबर १९१८मध्ये, तो तिथे बोल्शेविकांच्या (कम्युनिस्टांच्या) विरोधातल्या सरकारचा 'सर्वोच्च शासक' झाला. पुढच्याच महिन्यात बोल्शेविकांचा उठाव मोडून काढताना निवडून आलेल्या संविधान सभेच्या सदस्यांना तुरुंगातून नेऊन मारलं गेलं. तो तेव्हा आजारी होता, हुकूम त्याचा नव्हता, असं त्याचे समर्थक सांगतात. मग मारेकऱ्यांना जरब बसेल अशी शिक्षा का झाली नाही?

संशोधक वेगळा, हुकूमशहा वेगळा, असं मी पूर्वी ठासून सांगायचे. त्याची जबानी वाचली आणि ते टिकेना. पकडला गेल्यावर, १९२०च्या जानेवारी-फेब्रुवारीत, इर्कुत्स्कच्या तुरुंगात त्याला आधी टोलच्या शोधाबद्दल विचारलं, मग ओम्स्कबद्दल, आणि दोन्हींची उत्तरं तोच माणूस देतो. ७ फेब्रुवारीला बोल्शेविकांनी त्याला गोळ्या घातल्या.

होडीतल्या मूठभर माणसांसाठी जीव पणाला लावणाऱ्याला ओम्स्कच्या तुरुंगातली माणसं आपल्या जबाबदारीची का वाटली नाहीत? तुमच्या प्रश्नाइतकाच हा प्रश्न मलाही छळतो.