वर चढलेला बेस: जॉय डिव्हिजन बसवताना

म्हापसा-फोंड्याकडची मुलं जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या बँडची गाणी बसवायला घेतात, तेव्हा पहिली चूक बेसवर होते. बेस म्हणजे जाड तार, खालचा स्वर आणि गिटारच्या मागून चालणं, असं हाताला वळण लागलेलं असतं. त्यांचा बेसवादक पीटर हुकचा हात उलटा जातो. बर्नार्ड समनरच्या गिटारचा आवाज मोठा, हुकचा अ‍ॅम्प सुमार. खाली वाजवलं की त्याला स्वतःचंच ऐकू येईना, म्हणून तो वरच्या फ्रेटवर, म्हणजे उंच स्वरांकडे गेला. चाल बेसकडे आली आणि गिटार भरणीला उरली.

हे जमवायचं तर उघडी डी तार तंबोऱ्यासारखी घुमत ठेवा आणि शेजारच्या जी तारेवर चाल काढा. बोटांनी नको, पिकने. भाड्याच्या साउंडवाल्याला बेस म्हटलं की सब (अगदी खालच्या स्वरांचा स्पीकर) पूर्ण उघडायची सवय असते. पत्र्याच्या हॉलात त्या गडगडाटाखाली चाल गाडली जाते. १०० हर्ट्‌झच्या खालचं उतरवायला सांगा, ८०० ते १००० हर्ट्‌झच्या आसपास थोडं चढवा. कोरस (आवाज दुहेरी, लहरता करणारा इफेक्ट) अगदी बेताचा ठेवा. जास्त झाला की स्वर डोलतो आणि बेसुरा वाटतो.

आपल्याकडे जूनमध्ये यात आणखी एक अडचण येते. दमट हवेत लाकूड फुगतं, नेक (गिटारची दांडी) हलते, तारा गंजतात. खाली वाजवणाऱ्याच्या हे लवकर ध्यानात येत नाही, वर वाजवणारा मात्र लगेच उघडा पडतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) नेकपासून लांब सरकवा, उतरला असेल तर जवळ आणा. जुन्या, गंजक्या तारेवर हे करत बसू नका, ती मुळातच खोटी बोलते. आधी तार बदला.

बँडचा सगळा प्रवास आटोपशीर आहे. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडला ऐकून हुक आणि समनर पेटले. इयन कर्टिस गायक म्हणून आला. २९ मे १९७७ला ते वॉर्सॉ या नावाने प्रथम मंचावर उभे राहिले. ड्रमर स्टीफन मॉरिस त्याच वर्षी मिळाला आणि १९७८च्या सुरुवातीला नाव बदलून जॉय डिव्हिजन झालं. पहिली तबकडी त्यांनी स्वतःच काढली, पण सात इंचांवर चार गाणी कोंबली. खाच अरुंद झाली की आवाज दबतो आणि बेस पहिला मरतो. तीच गाणी त्याच वर्षी बारा इंचांवर पुन्हा काढली, तेव्हा कुठे ती ऐकण्यासारखी झाली.

मग फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी आणि निर्माता मार्टिन हॅनेट. एप्रिल १९७९मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ‘अननोन प्लेझर्स’ हा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला. चवथीच्या आरतीत घुमट, शमेळ, कांसाळे एकमेकांत मिसळतात आणि त्यातच मजा असते. हॅनेटला हे मिसळणंच नको होतं. त्याने मॉरिसला ड्रमचे भाग सुटे सुटे वाजवायला लावले, म्हणजे स्नेअरच्या माइकमध्ये हायहॅट शिरायला नको. प्रत्येक ठोक्याभोवती मोकळी जागा राहिली आणि त्या जागेत त्याने डिजिटल डिलेने प्रतिध्वनी ठेवला.

घरी करून पाहायचं असेल तर किक, स्नेअर आणि हायहॅट तीन वेगवेगळ्या फेऱ्यांत घ्या. स्नेअर घेताना हायहॅटच्या जागी उशी ठेवा, म्हणजे हाताची चाल तीच राहते. स्नेअरला ८०-१०० मिलिसेकंदांचा एकच डिले पुरे. क्लिक (ताल धरणारी टिकटिक) कानात हवाच. तो नसला की तीन फेऱ्या एकमेकींवर बसत नाहीत आणि मग दुरुस्तीला काही उरत नाही.

हुक आणि समनरला हा आवाज आवडला नव्हता. मंचावर ते कितीतरी जोरकस वाजवत. रेकॉर्डवर हॅनेटच बरोबर होता असं आमचं ठाम मत, पण कार्यक्रमात त्याची नक्कल करू नका. हॉलचा स्वतःचा घुमारा असतो, त्यात आणखी डिले घातला की चिखल होतो.

मार्च १९८०मध्ये लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत दुसरा अल्बम ‘क्लोजर’ झाला. कर्टिसला अपस्माराचे झटके येत होते, तरी कार्यक्रम चालूच राहिले. शेवटचा २ मे रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात झाला. १८ मे १९८०ला, अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी, त्याने आयुष्य संपवलं. वय २३. ‘क्लोजर’ जुलैत बाजारात आला.

आपल्यातला कुणी गेला तर नाव सोडायचं, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. उरलेले तिघे न्यू ऑर्डर झाले. ‘सेरेमनी’ हे त्यांचं पहिलं गाणं कर्टिसच्याच काळातलं, पण शब्द कुठे लिहून ठेवलेले नव्हते. समनरने जुनी टेप ग्राफिक इक्वलायझरमधून काढली आणि वाद्यं दाबत, गळा वर आणत, एकेक शब्द कानाने उतरवून घेतला.