शेडमधल्या जीवाणूंची दुहेरी तपासणी : माझा अनुभव

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी पुण्याच्या आसपासच्या ब्रॉयलर शेडमधील ई. कोलाय हा जीवाणू निवडला. तो कोणत्या प्रतिजैविकांना दाद देत नाही एवढेच पाहून मला थांबायचे नव्हते. जंतुनाशकांपुढे त्याचे काय होते, हेही तपासायचे होते, कारण एक बॅच विकली गेली की पुढची पिल्ले येण्याआधी शेडवर जे औषध फवारले जाते, त्यावर शेतकऱ्याची सारी भिस्त असते.

पहिली अडचण परवानगीची आली. करारावर कोंबड्या वाढवणारे शेतकरी कंपनीच्या सुपरवायझरला विचारल्याशिवाय कोणाला आत घेत नाहीत, आणि रोगाच्या भीतीमुळे ते योग्यच आहे. अखेर मुळशी तालुक्यातील एक काका तयार झाले. "ताई, नमुने घ्या, पण आधी पाय या पाण्यात बुडवा," ते म्हणाले. दाराशी ठेवलेल्या त्या ट्रेमधील पाणी तपकिरी झाले होते आणि त्यावर भाताचे तूस तरंगत होते. विष्ठेच्या आणि तुसाच्या नमुन्यांबरोबर मी त्या पाण्याचाही नमुना घेतला.

ईएमबी या ई. कोलाय ओळखायला मदत करणाऱ्या माध्यमावर हिरवी धातूसारखी चकाकी असलेल्या वसाहती दिसल्या, त्या वेगळ्या करून त्यांची ओळख पक्की केली. पुढची चाचणी नेहमीची होती : जीवाणूंच्या द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणाशी जुळवायचा, म्युलर-हिंटन आगर या जीवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर ते पसरायचे, प्रतिजैविकाच्या चकत्या ठेवायच्या आणि १६ ते १८ तासांनी चकतीभोवतीच्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजायचा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या माणसांनाही दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकासाठी २६ मिमी किंवा अधिक व्यास असल्यास जीवाणू संवेदनशील आणि २१ मिमी किंवा कमी असल्यास प्रतिरोधक धरला जातो. माझ्या काही प्लेटवर वाढ थेट चकतीला टेकलेली होती. कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या एन्रोफ्लॉक्सॅसिनचे शरीरात काही अंशी सिप्रोफ्लॉक्सॅसिनच होते, त्यामुळे हा प्रतिरोध शेडपुरता राहत नाही. कोलिस्टिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचा वापर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत आपल्याकडे २०१९ पासून बंद आहे. त्याचा मोठा रेणू आगरमध्ये नीट पसरत नसल्यामुळे चकतीवर विसंबणे चूक ठरते, म्हणून ती चाचणी मी द्रव माध्यमात केली.

खरी कसोटी जंतुनाशकांची होती. प्रतिजैविकांना संवेदनशील आणि प्रतिरोधक यांमधल्या सर्वमान्य सीमारेषा आहेत, जंतुनाशकांना तशा नाहीत. बेंझाल्कोनियम क्लोराइड या चतुर्थक अमोनियम वर्गातील जंतुनाशकाची किमान रोधक मात्रा, म्हणजे जीवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढली, तर ती शेडसाठी सुचवलेल्या मात्रेपेक्षा खूपच कमी निघाली. कागदावर सारे आलबेल होते. पण जीवाणूंची वाढ थांबणे आणि जीवाणू मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मरण तपासायचे तर ठरावीक वेळेनंतर लेसिथिन व ट्वीन ८० घालून औषध निष्प्रभ करावे लागते. तसे न केल्यास प्लेटवर आलेले उरलेसुरले औषधच वाढ रोखते आणि जिवंत जीवाणूही मेलेले भासतात. त्यानंतर यीस्टचा अर्क व अल्ब्युमिन मिसळून शेडमधल्या घाणीसारखी स्थिती निर्माण केली, तेव्हा त्याच मात्रेत जगून राहणाऱ्या जीवाणूंची संख्या स्पष्टपणे वाढली. ट्रेच्या पाण्यातूनही ई. कोलाय वाढला होता.

हे मला अत्यंत काळजीचे वाटते. अशा अपुऱ्या मात्रेत टिकणारे जीवाणू औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांचा आधार घेतात, आणि यातले काही पंप टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सॅसिनही बाहेर टाकतात. शिवाय पहिल्या वर्गाच्या इंटिग्रॉनमध्ये, म्हणजे प्रतिरोधाची जनुके एकत्र गोळा करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात, अशा जंतुनाशकांविरुद्धचे जनुक आणि सल्फा औषधांविरुद्धचे जनुक शेजारी-शेजारी असते, त्यामुळे एकाच्या वापराने दुसऱ्याचीही निवड होऊ शकते.

निष्कर्ष मी मराठीत एका पानावर लिहून काकांना दिले : आधी जुने तूस पूर्ण काढावे, साबणाच्या पाण्याने जमीन धुवावी, साध्या पाण्याने साबण काढून टाकावा, ती वाळू द्यावी आणि मगच लेबलवरच्या मात्रेत औषध फवारावे, ट्रेचे पाणी मळकट दिसताच बदलावे. त्यांनी ते लक्षपूर्वक वाचले आणि विचारले, "आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, त्यात औषध कालवलं तर चालतं का?" प्रश्न अगदी नेमका होता, कारण कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बेंझाल्कोनियम क्लोराइडच्या वर्गातील जंतुनाशकांचा प्रभाव कमी करतात. सध्या त्याच बोअरच्या पाण्यात द्रावण करून मी पुढची चाचणी लावली आहे.