दुसऱ्या हॉपवर वाढणारे नऊ बाइट

मागच्या नोंदीतलं कोडं सुटलं. माती-हवा मोजणाऱ्या आमच्या बिनतारी सेन्सर-जाळ्यात विहिरीपलीकडच्या चार नोडांची (सेन्सर-रेडिओ संचांची) जवळपास निम्मी रीडिंग वाटेत गडप होत होती. दोष अँटेनाचा नव्हता, ओल्या पानांचा नव्हता, आरपीएलने (मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलने) निवडलेल्या पालकाचाही (पुढच्या नोडचाही) नव्हता. पॅकेट निघताना एका फ्रेममध्ये (रेडिओच्या एका प्रक्षेपणात) मावत होतं आणि पहिल्या रिलेतून (पॅकेट पुढे देणाऱ्या नोडातून) पुढे जाताना मावेनासं होत होतं.

मांडणी तीच आहे: सीसी२६५२ या रेडिओ-चिपवर बारा नोड, कॉन्टिकी-एनजी ही ऑपरेटिंग सिस्टिम, आरपीएल लाइट, सीएसएमए (हवा मोकळी पाहून पाठवणं), चॅनल २६. बॉर्डर राउटर (जाळं बाहेर जोडणारा नोड) रास्पबेरी पायला जोडलेला, त्या दोघांना जोडणारा टनस्लिप६ प्रोग्रॅम चालू, सर्व्हर त्याच पायवर एफडी००::१ या पत्त्यावर. प्रत्येक नोड दर दहा मिनिटांनी कोॲपचा (छोट्या उपकरणांसाठीच्या एचटीटीपीसारख्या प्रोटोकॉलचा) एक कन्फर्मेबल, म्हणजे पोचपावती मागणारा, पोस्ट पाठवतो. त्यात नोडचं नाव, तापमान, आर्द्रता, मातीतल्या ओलाव्याची दोन रीडिंग आणि बॅटरीचा व्होल्टेज असं ५६ बाइटचं जेसन (मजकुरी स्वरूपातला डेटा).

पाठवणाऱ्या नोडचा लॉग स्वच्छ होता. एक फ्रेम गेली, एक ॲक (पोचपावती) आला. त्याच नोडजवळ ठेवलेल्या स्निफरनेही (हवेतल्या फ्रेम टिपणाऱ्या यंत्रानेही) तेच दाखवलं, आणि तिथेच बरेच दिवस वाया गेले. स्निफर उचलून पहिल्या रिलेच्या खांबाखाली नेला तेव्हा खरं चित्र दिसलं. रिलेतून बाहेर पडणाऱ्या फ्रेमचा सिक्सलोपॅन (अशा रेडिओवर आयपीव्ही६ बसवणारा थर) भाग सुरू होत होता सी०, ८० या बाइटांनी. म्हणजे फ्रॅगमेंटेशनचा, पॅकेट फोडून पाठवण्याचा, पहिला तुकडा.

इथे एक चकवा आहे. त्या हेडरमधला आकार १२८ दिसतो. ८०२.१५.४ या रेडिओ-मानकाची फ्रेम जास्तीत जास्त १२७ बाइटची, त्यामुळे एक बाइट छाटला की काम झालं असं वाटतं. तसं नाही. तो आकार हेडर दाबण्यापूर्वीच्या (कॉम्प्रेस करण्यापूर्वीच्या) पूर्ण आयपीव्ही६ पॅकेटचा असतो: ४० आयपीचे, ८ हॉप-बाय-हॉपचे (वाटेतला प्रत्येक नोड वाचतो त्या हेडरचे), ८ यूडीपीचे, ७२ कोॲपचे. जेसन एका बाइटने कमी केल्यावर आकडा १२७ झाला, तुकडे मात्र दोनच राहिले.

खरा हिशेब हवेतल्या फ्रेमचा करायचा. पहिल्या हॉपवर (नोड ते पहिला रिले) मॅक हेडर (रेडिओ-दुव्याचे पत्ते) आणि एफसीएस (चूक पकडणारे बाइट) मिळून २३, आयपीएचसीचे (दाबलेल्या आयपी हेडरचे) २, सर्व्हरच्या पत्त्याचे ८, आरपीएलच्या ऑप्शनसह हॉप-बाय-हॉपचे ८, यूडीपीचे ७ (५६८३ हा पोर्ट दाबला जात नाही, म्हणून ४ बाइट पोर्टांतच जातात) आणि कोॲपचे ७२. बेरीज १२०. नोडचा स्वतःचा पत्ता इथे फुकट जातो, कारण तो मॅक पत्त्यावरून काढता येतो. दुसऱ्या हॉपवर मॅकमधला पाठवणारा असतो रिले, त्यामुळे मूळ नोडच्या पत्त्याचे ८ बाइट उघड लिहावे लागतात. शिवाय हॉप लिमिट (उरलेल्या हॉपांची मर्यादा) ६४ असेल तर दोन बिटांत बसतं, ६३ झालं की पूर्ण बाइट घेतं. हे नऊ बाइट. १२९. दोन बाइटनी हुकलं!

पुढचं नुकसान दुसऱ्या रिलेवर होत होतं. तिथे तुकडे पुन्हा जोडायचे, पण आमच्या बिल्डमध्ये जोडणीसाठी कप्पे दोनच. चारही नोड एकाच मिनिटाला जागे होत. तिसरं अर्धवट पॅकेट आलं की त्याला जागा नाही. आणि रेडिओने तोवर ॲक दिलेला असतो, कारण हार्डवेअर जोडणीची वाट बघत नाही. मग कोॲप २ ते ३ सेकंदांनी पुन्हा पाठवतं, नंतर दर वेळी दुप्पट थांबून एकूण चार वेळा, आणि दर वेळी पुन्हा दोन तुकडे. गर्दी आपणच वाढवत होतो.

कप्पे दोनाचे सहा केले आणि पाठवण्याच्या वेळेत ० ते २० सेकंदांचा यादृच्छिक फरक टाकला. फरक पडला, पण हे ठिगळ आहे. वेळेतला फरक कायम ठेवा, पण पॅकेट तुटूच नये हे पाहा.

म्हणून जेसन काढून सीबोर (तोच डेटा मांडायची आटोपशीर बायनरी पद्धत). सगळे आकडे दहापट किंवा शंभरपट करून पूर्णांकात घेतले, नोडचा फक्त क्रमांक ठेवला, सहा घटकांचा ॲरे केला. १७ बाइट! कोॲपमधला कंटेंट-फॉरमॅट (डेटाच्या प्रकाराचा क्रमांक) ५० ऐवजी ६०. दुसऱ्या हॉपची फ्रेम १२९ वरून ९० वर आली. स्निफरवर रात्रभर एकही सी० दिसला नाही.

हे आकडे मांडतानाच आणखी एक वाट सापडली. सर्व्हरचा पत्ता एफडी००::१ ऐवजी एफडी००::एफएफ:एफई००:१ ठेवला तर आयपीएचसी तो ८ ऐवजी २ बाइटांत लिहितं. म्हणजे जुनं जेसनही १२३ मध्ये बसलं असतं, फक्त पायवर पत्ता बदलून आणि नोडांमधला एक स्थिरांक बदलून. ज्यांना जेसन सोडायचं नाही त्यांनी हे आधी करावं. ६१६१६ ते ६१६३१ मधले पोर्ट दोन्ही बाजूंना वापरले तर आणखी ३ वाचतात, पण त्या पट्ट्यात वेगवेगळी ॲप्लिकेशनं एकमेकांत मिसळू शकतात, म्हणून पडताळणीचा कोड नसताना तो पट्टा नको.

एक खबरदारी घ्या: कॉन्टेक्स्ट ० (पत्ता दाबताना गृहीत धरलेला त्याचा पहिला भाग) सगळ्या नोडांवर एफडी००::/६४ च हवा. बॉर्डर राउटरला घरचा दुसरा प्रीफिक्स दिला आणि कॉन्टेक्स्ट तसाच राहिला, तर दोन्ही पत्ते १६-१६ बाइटनी जातात आणि जेसनवालं पॅकेट पहिल्याच हॉपवर तुटतं. टिपलेल्या फ्रेम उलगडून दाखवणाऱ्या वायरशार्कच्या सिक्सलोपॅन सेटिंगमध्येही हाच कॉन्टेक्स्ट भरा, नाहीतर पत्ते चुकीचे दिसतात. स्निफरसाठी एनआरएफ५२८४० चा डोंगल पुरेसा आहे, महागडं यंत्र घेऊ नका.

ओलाव्याच्या कॅपॅसिटिव्ह पट्ट्यांची नवी खेप मात्र निराशाजनक निघाली. अर्ध्या पट्ट्यांवर टीएलसी५५५ या टायमर चिपऐवजी एनई५५५ आहे, जो ३.३ व्होल्टवर भरवशाने चालत नाही. घेताना चिपवरची अक्षरं वाचा. कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्या, तिथूनच पाणी शिरतं.

पुढे डीटीएलएस (यूडीपीवरचं एन्क्रिप्शन) लावायचं ठरलं होतं, तो बेत आता बदलतोय. हँडशेकचे (सुरुवातीला किल्ल्या ठरवतानाचे) मोठे संदेश पुन्हा तुकड्यांत जातील. नव्या पत्त्यासह सीबोरची फ्रेम ८४ ची आहे. लिंक लेयरचं एईएस-सीसीएम (दर हॉपला फ्रेमचं एन्क्रिप्शन) सर्वांत वाईट वेळी २१ बाइट घेतं, म्हणजे १०५. तेच आधी लावू. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ८०२.१५.४जी ची फ्रेम २०४७ बाइटपर्यंत जाते हे खुणावतंय, पण ५० केबीपीएसवर १२७ बाइटना ४ ऐवजी २० मिलिसेकंद लागतात. दोन सीसी१३१२ बोर्डांवर आधी तेवढंच मोजायचं आहे.