खुरप्याची मान

साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत पांढरं मॉडेल बॅगेत घालून मी पांढरकवड्याच्या स्टँडवर उतरलो, तेव्हा काम जवळजवळ उरकलंय अशाच समजुतीत होतो. पुण्यातल्या एका नव्या कंपनीसाठी पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर करत होतो. बाजारात मिळतो त्यात एक डबा असतो आणि वायरला लोंबणारा, पोटावर टेकवायचा प्रोब. आमचा बिनवायरचा, एकसंध, मुठीत मावणारा. वापरणार उपकेंद्रातल्या सिस्टर. मी मूळचा वर्ध्याकडचा, त्यामुळे गावोगाव फिरायचं काम आपसूक माझ्याच गळ्यात पडलं.

मापं मात्र मी मन लावून घेतली होती. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेनं १९९७ साली भारतीयांच्या शरीरमापांचं पुस्तक काढलं. त्यातले बायकांच्या तळहाताचे आकडे समोर ठेवूनच वडीची रुंदी ठरवली. ऑफिसात टेबलावर उशी ठेवून वीस जणींना ते धरायला दिलं. कुणाचंच मनगट अवघडत नव्हतं. मालक खूश, गुंतवणूकदारांना फोटोही गेले.

पोडावर टेबल नव्हतं. (कोलामांच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात.) अंगणवाडीच्या खोलीत चटईवर गरोदर बाई आडवी झालेली आणि सिस्टर तिच्या शेजारी गुडघ्यांवर. टेबलाशी उभं राहिलं की हात पोटाला जवळजवळ समांतर येतो; इथं तो वरून, उभा उतरत होता. त्या बाईला विचारून माझं पोकळ मॉडेल सिस्टरनी फक्त धरून पाहिलं. जमिनीवर तळवा टेकून उठताना मनगट जसं मागं मुडपतं, तसं ते मुडपलं. मनगट मुडपलं की मुठीतला जोर कमी होतो, हे कॉलेजात शिकलो होतो. समोर मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

डॉपलरला हे फार नडतं. प्रोब पोटावर नुसता टेकवून ठोके मिळत नाहीत. जेल लावायचं, कारण मधे हवा राहिली की ध्वनिलहरी आत जातच नाहीत. मग तोच प्रोब हळूहळू तिरका करत, सरकवत बाळाचं हृदय शोधायचं. सगळं काम मनगटाचं.

खरी फजिती त्यानंतर झाली. ठोके ऐकायला सिस्टरनी स्वतःचा जुना डॉपलर काढला आणि मी शेजारी वही घेऊन बसलो. उजव्या हातात प्रोब. डाव्या हाताची दोन बोटं त्या बाईच्या मनगटावर. मी विचारलं, नाडी कशाला? तर म्हणाल्या, मशीन कधी कधी आईचेच ठोके धरतं. बाळाचे मिनिटाला ११० ते १६०, आईचे साधारण सत्तर-ऐंशी. पण आई घाबरलेली असली किंवा अंगात ताप असला तर तिचेही शंभराच्या वर जातात आणि आकड्यावरून काही कळत नाही. बोटाखालची नाडी आणि कानातला ठोका एकाच तालात पडत असले, तर बाळ अजून सापडलेलं नाही.

माझ्या वडीचं बटण आणि आवाजाची चकती दोन्ही डाव्या हातानं चालवायची होती. ते चालवून दाखवा म्हटल्यावर सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. "भाऊ, एक हात तं हिच्या नाडीवर हाय. जेल तुमी लावता का?"

नोव्हेंबर होता, कापूस वेचणीचे दिवस. शेजारच्या आशाताईंच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, बोंडाची टोकं टोचून टोचून चिरलेला. त्यांनी बटण दाबून पाहिलं तर चिंधीखाली ते सापडेचना. मापाच्या पुस्तकात चिंधी नसते. पुढे ते बटण दुप्पट मोठं केलं, भोवती उंच कडा दिली आणि ते अंगठ्याखाली आणलं. चकती काढूनच टाकली.

आकाराचं उत्तर मात्र मला सुचलेलं नाही. चहा पिताना मी मनगटाचं रडगाणं गात होतो, तेव्हा त्याच आशाताई म्हणाल्या, "आमी खुरपं काहून वाकड्या मानेचं ठेवतो? सरळ असतं तं निंदून निंदून हातच गेला असता." खुरपंही बसूनच वापरतात, हातही वरूनच उतरतो. पातं जमिनीला आडवं, मूठ तिरकी, मधे मान.

पुण्यात येऊन फोमची तीन मॉडेलं कापली, मूठ २०, ३५ आणि ५० अंशांत तिरकी. चटईवर ५० अंशांचं झकास, टेबलावर तेच बेकार. २० चं नेमकं उलट. ३५ दोन्हीकडे चालतं, उत्तम कुठंच नाही. तेच घेतलं. आकडा दिसणारा पडदा मुठीच्या माथ्यावर आला, म्हणजे मान न वळवता दिसतो. कंपनीत यावर बरीच कुरकुर झाली. वडी फोटोत देखणी दिसायची आणि हे नळाच्या तोटीसारखं दिसतं, असं एक जण म्हणाला. दिसतं खरं.

मुठीवरचे रबराचे खाचे मे महिन्यात गेले. सिस्टरचा हात घामानं आणि जेलनं ओला, त्या प्रोब पदराला पुसणार; आठवड्याभरात खाचांत काळा राप बसला. आता मूठ साधी, किंचित खरबरीत. हातात धरायच्या वैद्यकीय यंत्राला निदान १ मीटर उंचीवरून लाकडी फळीवर तीनदा, दर वेळी वेगळ्या बाजूनं, पाडून बघतात. मान तिथंच मोडणार ही माझी धास्ती होती. मोडलं ते बॅटरीचं झाकण.

साच्यातून निघालेले पहिले नमुने घेऊन परत गेलो. सिस्टरनी तोटी हातात घेतली, चटईवर बसून फिरवली, काही बोलल्या नाहीत. मग उठून भिंतीकडे गेल्या. तिथं खिळ्यांना बीपीचं मशीन, बाळं तोलायचा काटा, कॅलेंडर, सगळं लटकलेलं.

"याले टांगाचं कुठं, भाऊ?"

कडी ठेवलीच नव्हती. साचा करणाऱ्या भोसरीच्या डायमेकरला तिथूनच फोन लावला. तो हसला. म्हणाला, साच्यातलं लोखंड कोरून प्लास्टिक वाढवता येतं, कमी करायचं असतं तर वेल्डिंग करावं लागलं असतं, नशीबवान आहात. आठ दिवस लागतील. बिल मात्र मी अजून मालकांना दाखवलेलं नाही.